वर्गातला खेळ: प्रत्येकाच्या वाट्याला किती डाव?

वर्गात खेळ घेण्याविषयी या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतले सहा प्रश्न निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण इतर उत्तरांत त्यातल्या गोष्टींचा आधार घेतला आहे.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. पटावर ३६ मुलं आहेत. 'पंचवीस' म्हटलं की बरीच मुलं ५२ लिहितात. एकोणतीस आणि एकोणचाळीस तर कायमच अडतात. एकेकाला फळ्याजवळ बोलावून संख्याकार्डांचा खेळ घेतला. मुलं खूश झाली, पण वह्यांमध्ये काही फरक पडला नाही. काय चुकतंय?

आधी एक साधा हिशेब करून पाहा. तास ३५ मिनिटांचा, मुलं ३६. प्रत्येकाला फळ्याजवळ एकेक मिनिट दिलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला एकच डाव येतो, तोही सगळ्यांना नाही. उरलेला वेळ मूल नुसतं बघत असतं. मुलं खूश होती हे खरं आहे, पण ज्या गोष्टीचा सराव हवा होता ती त्यांनी एकदाच केली. कुठलाही खेळ वर्गात नेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: एका मुलाला किती डाव मिळणार? आणि डाव खेळताना मूल जे करतं, तेच आपल्याला शिकवायचं आहे ना?

आता ५२ विषयी. यात मुलाचा निष्काळजीपणा नसतो. 'पंचवीस' या शब्दात पाच आधी ऐकू येतो आणि वीस मागून, लिहिताना मात्र आधी २ लिहायचा. मूल कानावर पडलं तसं लिहितं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, एकवीस' अशी जोड दिली होती, त्यावरून २०१९ मध्ये राज्यभर वाद झाला. त्या वादात तुमचं मत काहीही असो, पुस्तकाने हात घातला होता ती अडचण खरी आहे. ती सुटायची तर शब्द, वस्तू आणि अंक ही तिन्ही एकाच वेळी हातात आणि तोंडात यायला हवीत.

त्यासाठी 'गठ्ठा बांध' हा खेळ घ्या. चारचार मुलांचे नऊ गट करा. प्रत्येक गटाला १२५ काड्या, १२ रबरबँड आणि एक फासा द्या. खराट्याचे हीर १० सेंटीमीटरचे कापले की काड्या तयार होतात, एकदोन खराट्यांत वर्गाचं काम भागतं. हिराचं टोकाकडचं बारीक अणकुचीदार टोक फेकून द्या. प्रत्येक मुलापुढे मधोमध उभी रेघ मारलेला कागद ठेवा: डावीकडे दशक, उजवीकडे एकक. फासा टाकायचा, पडतील तेवढ्या काड्या उजवीकडे ठेवायच्या. दहा झाल्या की रबरबँड लावून गठ्ठा डावीकडे. प्रत्येक डावानंतर आपल्यापुढची संख्या मोठ्याने म्हणायची आणि वहीत लिहायची. जो आधी ३० गाठेल तो जिंकला.

१२५ का? जिंकणाऱ्याकडे जास्तीत जास्त ३५ काड्या होतात (२९ वर असताना सहा पडले तर), बाकी तिघांकडे प्रत्येकी फार तर २९. म्हणजे १२२. काड्या संपल्या की गट थांबतो आणि भांडण सुरू होतं, म्हणून इतक्या बारकाईने मोजायच्या. फासा एका वेळी सरासरी साडेतीन देतो, त्यामुळे ३० गाठायला प्रत्येकाला आठ-नऊ डाव लागतात. पंधरा-वीस मिनिटांत खेळ होतो.

बिघडतं कुठे तेही सांगतो. घाईघाईत मुलं नवाचा किंवा अकराचा गठ्ठा बांधतात. यावर उपाय: डाव खेळणाऱ्याच्या उजवीकडचं मूल तपासनीस. गठ्ठा त्याने मोजल्याशिवाय डावीकडे जाणार नाही. दुसरं, मुलं संख्या म्हणतात पण लिहायचं टाळतात. न लिहिता पुढे गेलं तर तो डाव बाद. तिसरं, रबरबँड ताणून उडवायचा मोह. अशा गटाला जाड लोकरीचे तुकडे द्या, गाठ मात्र सैल मारायला शिकवा.

'एकोण'साठी हाच खेळ उलटा घ्या. तीन गठ्ठे मांडा आणि म्हणा, 'यातली एक काडी मला दे.' मुलाला गठ्ठा सोडावाच लागतो. एक काडी दिली की दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या उरतात. नाव तिसाचं, पण गठ्ठे दोनच! एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे मुलाला हाताने कळतं. एकोणीस ते एकोणनव्वद अशी ही आठ नावं आहेत. नव्याण्णव या रांगेत बसत नाही, ते मुलांनाच शोधू द्या.

पंधरा दिवसांनी काड्या ठेवून द्या आणि सापशिडीकडे वळा. तिथे एक नियम काटेकोर पाळा. सोंगटी २४ वर आहे आणि तीन पडले, तर 'एक, दोन, तीन' असं घरं मोजायचं नाही. 'पंचवीस, सव्वीस, सत्तावीस' असं घरावरचं नाव घेत जायचं. मोजणी तीच, पण पहिल्या रीतीत दोन अंकी संख्या मुलाच्या तोंडी येतच नाही. नेहमीच्या सापशिडीत एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उलटी जाते, शतक तक्त्यात तसं नसतं. दुसरीच्या सुरुवातीला हा फरक मुलांना फार गोंधळात टाकतो. तेव्हा सगळ्या ओळी डावीकडूनच सुरू होणारा पट स्वतः आखून घ्या.

प्रश्न: आमच्या द्विशिक्षकी शाळेत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नाही, फक्त एक लाकडी फळी आहे. माझ्याकडे खेळ सुरू झाला की शेजारच्या वर्गाचं शिकवणं थांबतं आणि मुख्याध्यापक नाराज होतात. त्यांचंही चूक नाही. खेळ बंद करावेत का?

बंद करू नका, आवाज कुठून येतो ते बघा. तो बहुतेक तीन ठिकाणांहून येतो. फासा बाकावर आपटतो: तो झाकणाच्या पारदर्शक डबीत घाला आणि डबी हलवायला सांगा. फासा हरवतही नाही. दुसरं, साहित्य वाटताना कल्लोळ होतो: गटागटाच्या कापडी पिशव्या करा, त्यांवर क्रमांक आणि आतल्या वस्तूंची संख्या लिहा. प्रत्येक गटातून एकच मूल उठेल आणि परत देताना मोजून देईल. तिसरं, आधी संपवलेले गट मोकळे बसतात. म्हणून खेळ घड्याळाने थांबवा. एक डाव संपला की त्याच गटाने लगेच दुसरा मांडायचा.

शांततेची खूणही खेळाआधीच शिकवावी लागते. तुम्ही हात वर करायचा, बघितलेल्या मुलाने हात वर करून गप्प व्हायचं, न बघितलेल्याला हलकेच हात लावायचा. पहिल्या दिवशी खेळाशिवाय, नुसत्या गप्पा मारायला लावून, ही खूण पाच वेळा करून घ्या. 'गप्प बसा' ओरडून सांगितलं की आवाजात आपलाच आवाज मिसळतो.

तुमच्याकडे पहिली-दुसरी एकत्र असतील तर खेळ एकच ठेवा, फासे वेगळे द्या. पहिलीला १ ते ६ चा फासा, दुसरीला दोन फासे. नियम दोनदा समजावायला लागत नाहीत. आणि शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना आठवड्याचा खेळाचा तास आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी त्यांनाही चित्रकला किंवा मैदान धरता येईल.

प्रश्न: चौथीच्या वर्गात शब्दांच्या भेंड्या घेते. दर वेळी तीच चार मुलं बोलतात, बाकीची टाळ्या वाजवतात.

भेंड्यांमध्ये डाव हुशार मुलाकडे आपोआप जातो, कारण जो लवकर बोलतो तोच खेळतो. शिवाय मराठीत ण आणि ळ वरून शब्द सुरू होत नाहीत. 'कारण' किंवा 'बाळ' आलं की साखळी तुटते. भेंड्या घ्यायच्याच असतील तर ण ला न आणि ळ ला ल असा नियम आधीच ठरवा, आणि त्या जोडीजोडीने वहीत लिहून घ्या.

त्यापेक्षा 'नाव, गाव, फळ, फूल' जास्त उपयोगी पडतं, थोडा बदल मात्र करावा लागेल. रकाने तुमच्या पाठाप्रमाणे ठेवा: नाव, क्रियापद, विशेषण, जोडाक्षर असलेला शब्द. 'म' आला तर मंगेश, मोजणे, मोठा, मस्त. अक्षराची कुठलीही मात्रा चालेल. घरी खेळताना ज्याचं आधी झालं तो 'थांबा' म्हणतो आणि सगळ्यांची लेखणी थांबते. वर्गात हा नियम ठेवू नका, सावकाश लिहिणाऱ्या मुलाचा कागद दर फेरीत अर्धा राहतो आणि तिसऱ्या फेरीला ते मूल लिहिणंच सोडतं. दोन मिनिटं सगळ्यांना सारखी. जोडीत एकाने सुचवायचं, दुसऱ्याने लिहायचं, पुढच्या फेरीला अदलाबदल. ठ, ढ, झ ही अक्षरं शेवटच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवा.

गुण नेहमीचेच: दोघांचा सारखा शब्द ५, कोणाकडेच नसलेला १०. यात एक भर घाला. घरच्या बोलीतला शब्द आणि त्याचा अर्थ सांगता आला तर पूर्ण १० गुण. मालवणी घरातलं मूल 'चेडू' (मुलगी) लिहील, वऱ्हाडातलं 'पोट्टं', भाजीला 'माळवं' म्हणणाऱ्या घरातलं मूल तो शब्द लिहील. ज्या मुलाला पुस्तकी भाषा जड जाते, त्याच्याकडे असा साठा खूप असतो. तो वर्गात मोलाचा ठरला पाहिजे. आता गप्प बसणारी मुलं या रकान्यात पुढे येतात.

प्रश्न: माध्यमिक शाळेत सातवीला विज्ञान आणि गणित शिकवतो. प्रयोगशाळा नाही. कागदाची भिरभिरी, फुगा-रॉकेट करून दाखवली. मुलं हसतात, पण 'यातून काय शिकलात?' विचारलं की शांतता. खेळणी करण्यात वेळ वाया जातोय का?

वेळ वाया जात नाही, पण खेळणं तुमच्या हातात राहतं आणि प्रश्न शेवटी येतो. क्रम बदला. खेळणं मुलांच्या हातात द्या, आणि करायच्या आधी अंदाज लिहून घ्या. अंदाज चुकला की मूल आपणहून कारण शोधायला लागतं.

याला उत्तम साहित्य म्हणजे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी. हा काड्यांचा खेळ अरविंद गुप्ता यांच्यामुळे देशभर पोचला. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांवर मोठं काम केलं.

४० मुलांच्या २० जोड्या. प्रत्येक जोडीला १२ काड्या आणि १.५ सेंटीमीटरचे १२ नळीतुकडे. म्हणजे २४० तुकडे, ३ मीटर ६० सेंटीमीटर नळी. तुटफूट धरून ४ मीटर घ्या. काड्या लाकडीच घ्या, मेणाच्या वाकतात. गूल काढण्याचं काम मुलांना देऊ नका. आदल्या दिवशी काड्यांची टोकं पाण्यात भिजवा, गूल मऊ होऊन पुसलं जातं. काड्या पूर्ण वाळू द्या, ओली काडी नळीत घातली की पुढे ढिली पडते.

नळीच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी आत सारली की सांधा झाला. प्रत्येक जोडीने त्रिकोण, चौकोन आणि पंचकोन करायचा: ३, ४ आणि ५ काड्या, तितकेच सांधे. आता आकार बाकावर सपाट ठेवून एका कोपऱ्याला बोटाने ढकलायचं. त्याआधी वहीत लिहायचं: कोणता हलेल, कोणता नाही? बरीच मुलं चौकोन 'मजबूत' लिहितात, कारण दारं, खिडक्या, बाकं सगळं चौकोनी दिसतं. प्रत्यक्षात चौरस लगेच कलंडून तिरपा समभुज चौकोन होतो, त्रिकोण हलत नाही.

मग पुढचा प्रश्न: चौकोन हलू नये म्हणून किती काड्या वाढवाव्या लागतील? इथे एक अडचण हमखास येते. मुलं कर्णाच्या जागी आणखी एक काडी लावायला जातात आणि ती पुरत नाही. काडी ४ सेंटीमीटरची असेल तर चौरसाचा कर्ण साडेपाचपेक्षा थोडा जास्त येतो. ही अडचण आधीच दूर करू नका. मुलांनी पट्टीने मोजावं, मग खराट्याचा हीर त्या मापाचा कापावा. सातवीला पायथागोरसच्या प्रमेयाकडे जायला याहून सोपी वाट नाही. हीर बसवताना सांध्याच्या नळीला गोधडीच्या जाड सुईने किंवा बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं. पंचकोनाला दोन कर्ण लागतात, प्रत्येकी सुमारे साडेसहा सेंटीमीटरचे, आणि ते एकाच कोपऱ्यातून निघाले तर तिथली नळी फाटते. त्या एका सांध्याला २ सेंटीमीटरचा तुकडा वापरा आणि दोन भोकं अंतर ठेवून पाडा.

वहीत तक्ता होतो: त्रिकोणाला ०, चौकोनाला १, पंचकोनाला २ जादा काड्या. षट्कोनाला किती, हे न करता सांगा. 'बाजूंपेक्षा तीन कमी' हा नियम मुलं स्वतः बोलून दाखवतात, तो तुम्ही आधी सांगू नका. शेवटी वर्गाबाहेर न्या: शाळेच्या पत्र्याच्या शेडची कैची, विजेचा मनोरा, नदीवरचा लोखंडी पूल. त्रिकोण मोजायला लावा. या सगळ्याला दोन तास लागतात. एकाच तासात उरकायला गेलात तर अंदाज लिहिणं आणि तक्ता हेच गळतं, आणि उरतं ते पुन्हा खेळणंच.

प्रश्न: परदेशात मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात सहा ते नऊ वर्षांची १४ मुलं येतात. घरी मराठी समजते, पण 'मोठी पुस्तक', 'माझा वही' असं बोलतात. व्याकरण सांगितलं की कंटाळतात.

मराठीत लिंग पाठ करून येत नाही, कानावर पडून येतं, आणि तुमच्याकडे आठवड्याला एकच तास आहे. खोलीच्या तीन कोपऱ्यांना 'तो', 'ती', 'ते' अशा पाट्या लावा. २४ चित्रं काढा, प्रत्येक लिंगाची आठ: दगड, आंबा, पंखा, डोळा, नदी, खुर्ची, वही, भाकरी, झाड, घर, केळं, पुस्तक, अशी. चित्र दाखवायचं, मुलांनी कोपरा गाठायचा आणि तिथे पोचून विशेषणासह म्हणायचं: 'मोठा दगड', 'मोठी वही', 'मोठं पुस्तक'. 'लाल' किंवा 'सुंदर' ही विशेषणं टाळा, ती बदलत नाहीत, त्यामुळे सराव होत नाही.

चूक एकच होते: सगळी मुलं पहिल्या धावणाऱ्याच्या मागे जातात. म्हणून आधी प्रत्येकाने छातीशी धरलेल्या 'तो', 'ती', 'ते' या तीन कार्डांपैकी एक उलटं काढून ठेवायचं, मग कोपरा गाठायचा. सुरुवातीला 'पेन' घेऊ नका, काही घरांत 'तो पेन' तर काहींत 'ते पेन' म्हणतात. 'वेळ' सुद्धा नको. 'तो वेळ' आणि 'ती वेळ' दोन्ही बरोबर आहेत, अर्थ वेगळे. हा शब्द मुलं सराईत झाल्यावर आणा, त्यांना फार आवडतो. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका.

प्रश्न: पालक म्हणतात, 'पोरं शाळेत खेळतच असतात, मग अभ्यास कधी?' त्यांना काय सांगावं? आणि हरलेलं मूल रडतं, त्याचं काय करावं?

पालकांना भाषण नको, वही दाखवा. खेळानंतरची शेवटची दहा मिनिटं त्याच गोष्टीच्या लेखनाची ठेवा: गठ्ठा बांधला असेल तर त्या दिवशीच्या पाच संख्या अंकांत आणि अक्षरांत. वर तारीख. महिन्याने पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवून पालकांसमोर उघडा. फरक दिसला नाही, तर खेळ बदला. पालकांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर होतं.

खेळातून शिकवणं हे शहरी खाजगी शाळांचं फॅड आहे, असंही पालकांना वाटतं. त्यांना हे जरूर सांगा: गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर) बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम उभारलं, आणि १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासोबत ते कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत नेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. तिथे खडे, बिया, पानं, शंखशिंपले हेच साहित्य होतं.

रडणाऱ्या मुलाविषयी: खेळात थोडं नशीब ठेवा. फासा असला की हुशार मूलही हरतं, आणि हरणं म्हणजे 'मला येत नाही' असं वाटत नाही. बक्षीस म्हणून चॉकलेट, तारे काही देऊ नका. दिले की मुलं काड्या लपवतात आणि तपासनीस मित्राला झुकतं माप देतो. आठवड्यातून एक खेळ असा घ्या ज्यात पूर्ण गट मिळून घड्याळाशी झुंजतो: चौघांनी मिळून दहा मिनिटांत १०० काड्यांचे दहा गठ्ठे बांधायचे, प्रत्येक गठ्ठा दोघांनी मोजलेला हवा. गेल्या आठवड्याला सात झाले होते, या वेळी किती, हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुसू नका.